पडद्यावरचे राजे आणि शिलालेखांतले राजे

इतिहासप्रसिद्ध राजांच्या चरित्रांवर रचलेले चित्रपट व मालिका आज घरोघरी पाहिल्या जातात. पूर्वी त्यासाठी नांदेड किंवा लातूर शहरी चित्रगृहात जावे लागे. हल्ली खेड्यातील मुलगाही हातातल्या फोनवर ते पाहू शकतो. याचा परिणाम असा झाला आहे की, पुष्कळ विद्यार्थ्यांची एखाद्या राजाशी पहिली ओळख पुस्तकात होत नसून पडद्यावर होते; आणि पहिली ओळख मनात घर करून राहते, हा मनुष्यस्वभाव आहे. पुढे पुस्तकात निराळे काही आढळले, तर मुलाला पुस्तकच चुकीचे वाटू लागते. यास्तव पडद्यावरचा राजा व लेखांतून दिसणारा राजा यांत अंतर कोठे पडते, ते का पडते, आणि त्यांतील कोणते अंतर क्षम्य व कोणते अक्षम्य, याचा विचार विद्यार्थ्यांनी व पालकमंडळींनी एकदा शांतपणे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, चित्रपटकलेस नावे ठेवण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. आपल्या महाराष्ट्रात ही कला इतिहासाचे बोट धरूनच वाढली. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरास १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. पुढे प्रभात कंपनीने शिवचरित्रावर १९३० साली ‘उदयकाल’ काढला. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. परंतु त्या काळच्या इंग्रजी अमलातील परीक्षकांना ‘स्वराज्य’ हा शब्द खपला नाही, म्हणून नाव बदलावे लागले. ज्या कलेतील एका शब्दाची सत्तेलाही धास्ती वाटावी, तिचे सामर्थ्य सामान्य नव्हे, हे उघड आहे. आणि सामर्थ्य मोठे, म्हणूनच जबाबदारीही मोठी.

आता अंतर का पडते ते पाहू. प्राचीन राजांविषयी आपणांस जी माहिती मिळते, ती मुख्यत्वेकरून शिलालेख, ताम्रपट, नाणी व परदेशी प्रवाशांचे वृत्तान्त यांतून. ही साधने थोडकी असतात. एखाद्या राणीविषयी चार ओळी मिळाल्या, तरी संशोधक धन्य होतो. परंतु अडीच तासांचा चित्रपट चार ओळींवर उभा राहत नाही. त्याला चेहरे हवेत, संवाद हवेत, गाणी हवीत, शत्रू हवा. शिवाय त्यासाठी ओतलेले द्रव्य परत मिळावयाचे, तर प्रेक्षकांचे डोळे दिपलेच पाहिजेत. म्हणून रिकामी जागा कल्पनेने भरली जाते, व त्या कल्पनेवर सोन्याचा मुलामा चढविला जातो. रिकामी जागा भरणे हा गुन्हा नव्हे. जी जागा मुळात रिकामी नव्हतीच, तेथले खरे काढून टाकून तेथे झगमगाट आणून बसविणे, हा मात्र दोष होय. उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

आपल्या नांदेडावरून वाहणारी गोदावरी त्याआधी पैठणास स्पर्शून येते. हे पैठण म्हणजेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णी याच्यावर २०१७ साली तेलुगू भाषेत एक भव्य चित्रपट निघाला. त्यात या राजाचा प्रतिस्पर्धी म्हणून देमेत्रियस नावाचा यवन राजा उभा केला आहे. या नावाचा प्रसिद्ध यवन राजा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला. गौतमीपुत्राचा काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. म्हणजे दोघांत अडीच शतकांहून अधिक अंतर! मग ही गाठ कशी पडली? नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या मातेने, गौतमी बलश्रीने, कोरविलेला लेख आहे. त्यात शक, यवन व पल्हव यांचा त्याने नाश केला असे म्हटले आहे. ‘यवन’ या एका शब्दाला पटकथाकाराने नाव दिले, चेहरा दिला व सैन्य दिले. कल्पना कशी काम करते, याचा हा उत्तम नमुना आहे.

परंतु त्याच लेखात माता आपल्या मुलाविषयी आणखी काय सांगते, ते पाहा. तो धर्माला अनुसरूनच कर घेई. प्रजेचे सुख-दुःख ते आपले सुख-दुःख मानी. अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा करणे त्याला रुचत नसे. तो मातेच्या आज्ञेत वागे. पडद्यावर रणांगणाचा थाट जितका वेळ चालतो, त्याच्या तुलनेने या गुणांना कितीसा वेळ मिळतो? पुत्राच्या मृत्यूनंतर वृद्ध मातेला जे जगास सांगावेसे वाटले, त्यात दयेलाही स्थान होते. आपण मात्र तलवार तेवढी पाहून येतो.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘शिलालेख तरी सगळे खरे कशावरून? त्याच लेखात या राजाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असे लिहिले आहे. ही अतिशयोक्ती नव्हे काय?’ प्रश्न योग्य आहे. प्रशस्ती लिहिणारे कवी हेही आपल्या काळी झगमगाटच निर्माण करीत होते. म्हणूनच इतिहासकार एका साक्षीवर विसंबत नाही. दुसरी साक्ष शोधतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. जित राजाची नाणी जेत्याने आपलीशी केली, याहून विजयाचा बोलका पुरावा कोणता? नाण्यांना कवीप्रमाणे स्तुती करता येत नाही. लेख व नाणी यांची अशी जुळणी झाली, म्हणजे विधानाला बळकटी येते. समुद्रांच्या पाण्याची गोष्ट काव्य म्हणून सोडून द्यावी; नहपानाचा पराभव इतिहास म्हणून स्वीकारावा. निवड करण्याची ही रीत ज्याला साधली, त्याला पडद्याचे भय नाही.

दुसरे उदाहरण सम्राट अशोकाचे. २००१ साली ‘अशोका’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात कौरवकी ही कलिंगाची शूर राजकन्या असून ती तलवार गाजविते व अशोकाचे तिच्यावर प्रेम जडते, असे दाखविले आहे. आता खरा पुरावा पाहा. अलाहाबादच्या स्तंभावर अशोकाची एक लहानशी आज्ञा कोरलेली आहे. तीत ‘तीवराची माता, द्वितीय राणी कारुवाकी’ हिने दिलेली आम्रवने, उद्याने, दानगृहे इत्यादि तिच्याच नावे नोंदली जावीत, असे अधिकाऱ्यांना बजावले आहे. तिचा कलिंगाशी संबंध या लेखात नाही, आणि तलवारही नाही. आपण दिलेले दान आपल्या नावे ओळखले जावे, एवढेच या लेखातून तिच्याविषयी उरले. बावीसशे वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीची ही एवढीच खूण. तीही पडद्याने बदलून टाकली. तिच्या हाती तलवार दिल्याने ती मोठी झाली, असे म्हणणाऱ्यास दानाचे मोल कळले नाही, असेच म्हणावे लागेल.

त्याच अशोकाने कलिंगाच्या युद्धाविषयी तेराव्या शिलाशासनात स्वतःच सांगितले आहे की, दीड लक्ष माणसे कैद करून नेली गेली, एक लक्ष ठार झाली, व त्याच्या कितीतरी पट मेली. आणि याचा आपणांस पश्चात्ताप होत आहे. विजयी राजाने आपल्या विजयाबद्दल दुःख दगडावर कोरून ठेवावे, याहून नाट्यमय प्रसंग कोणता लेखक कल्पू शकेल? सत्य हे नेहमी रुक्ष असते, हा समज येथे खोटा ठरतो.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. राजे प्राचीन नसले, तरी हे उदाहरण आपल्या अगदी दारातले आहे. २०१९ सालच्या ‘पानिपत’ या चित्रपटाचा आरंभ लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या विजयाने होतो. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीर-औसा या टापूत गाठून कोंडले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्यात मोठी कामगिरी केली, आणि तहान्वये सुमारे ६० लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख व दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांस मिळाला. पडद्यावर हा विजय काही मिनिटांत आटोपतो. वेळेच्या अभावी असा संक्षेप करणे क्षम्य आहे. त्याने कोणावर अन्याय होत नाही.

परंतु याच चित्रपटात भरतपूरचा जाट राजा सूरजमल हा आपल्या मदतीच्या मोबदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारा, असा रंगविला होता. त्यावरून राजस्थानात मोठा क्षोभ झाला व वादग्रस्त भाग वगळावा लागला. हा क्षोभ केवळ मानापमानाचा नव्हता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पराभव झाल्यावर जी उपाशी, जखमी, उघडीवाघडी मराठी माणसे जीव घेऊन दक्षिणेकडे निघाली, त्यांना आपल्या मुलखात आश्रय, अन्न व वस्त्र देऊन सुखरूप वाटेस लावणारा हाच सूरजमल होता. त्याची राणी किशोरी हीही त्या सेवेत होती. ज्याच्या घरची भाकरी आपल्या पूर्वजांनी संकटात खाल्ली, त्यालाच आपल्या कथेत लोभी ठरविणे हे कृतघ्नपणाचे लक्षण होय. मेलेला मनुष्य उठून आपली बाजू मांडू शकत नाही. म्हणून मृतांविषयी साक्ष देताना जिवंतांपेक्षाही अधिक सांभाळून बोलले पाहिजे.

यावरून तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला शृंगार : महाल मोठा दाखविला, दागिने वाढविले. दुसरा संक्षेप : महिन्यांची मोहीम मिनिटांत आणली. तिसरा विपर्यास : माणसाचा स्वभाव, कृती किंवा हेतू बदलून टाकला. पहिला हसून सोडावा, दुसरा समजून घ्यावा. तिसऱ्याला मात्र नकार द्यावा. चित्रपट संपल्यावर घरातल्या वडील मंडळींनी मुलांना तीन प्रश्न विचारावेत : हे कोणत्या साधनावरून घेतले? यातले कोणते पात्र वा प्रसंग कल्पित? आणि ज्याला खलनायक केले, त्याच्या बाजूने एखादा कागद बोलतो काय? या प्रश्नांनी करमणुकीचा रस आटत नाही. उलट ती अधिक डोळसपणे भोगता येते.

शेवटी एक गोष्ट. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा लट्टलूर नगरीचे स्वामी, असे म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांची राजधानी पुढे मान्यखेटास होती, तरी मूळ गावाचे नाव त्यांनी टाकले नाही. त्या घराण्यातील अमोघवर्षाने नवव्या शतकात साठांहून अधिक वर्षे राज्य केले. इ. स. ८५१ च्या अरबी वृत्तान्तात या घराण्याच्या राजाची गणना जगातील चार थोर राजांत केली आहे. आणि संजाणच्या इ. स. ८७१ च्या ताम्रपटात असे सांगितले आहे की, लोकांवरील संकट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीस अर्पण केले. हीदेखील प्रशस्तीच आहे. तिलाही परीक्षेचा नियम लागू आहे. परंतु राजाची कीर्ती गाताना कवीला लुटीपेक्षा हे बोट अधिक थोर वाटले, यात त्या काळचा आदर्श दिसतो.

उद्या या राजावर चित्रपट निघाला, तर त्यात शंभर नर्तिका दिसतील की ते एक बोट दिसेल, हे सांगता येत नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तो निघेपर्यंत थांबू नका. कंधारचे राष्ट्रकूटकालीन अवशेष, देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे, औसा तालुक्यातील खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला ही सर्व आपल्या दोन जिल्ह्यांतच आहेत. सुटीत एकदा तेथे जा, दगडाला हात लावा, तेथील लेखाविषयी जाणत्या माणसास विचारा, आणि वहीत टिपून ठेवा. ज्याने खरा दगड पाहिला आहे, त्याला पडद्यावरचे सोने ओळखता येते.