वाड्याचे नूतनीकरण आणि खोल्यांची नावे

जुना वाडा आजच्या कुटुंबाच्या निवासास योग्य करणे हा सामान्यतः स्थापत्याचा विषय मानला जातो. तथापि वाड्याची रचना त्याच्या शब्दसंपदेतही नोंदलेली असते, आणि ती नोंद न वाचता केलेली दुरुस्ती पुष्कळदा वास्तूलाच बाधक ठरते.

आजच्या सदनिकेत खोलीचे नाव तेथील क्रियेवरून पडते. वाड्यातील कित्येक नावे मात्र स्थानदर्शक आहेत. देवडी, चौक, ओसरी, माजघर, परस हा क्रम रस्त्यापासून आत, परक्यापासून आप्तापर्यंत जातो. ‘माजघर’ म्हणजे मध्यगृह. तेथे अमुकच करावे, असे त्या नावात काही नाही. जेवणे, निजणे, धान्य निवडणे हे सारे तेथे चाले. म्हणून माजघराचे तुकडे पाडून तीन खोल्या करण्यापूर्वी, एकाच जागेचे अनेक उपयोग आजही सोयीचे नाहीत काय, याचा विचार व्हावयास हवा.

‘खण’ हा शब्द याहून महत्त्वाचा. दोन तुळयांमधील अंतर तो खण. ‘पाच खणी माडी’ म्हटले की ऐकणाऱ्यास तिच्या विस्ताराची कल्पना येई. या गणनेत भिंत नाही, लाकडी सांगाडा आहे. माडीचा भार खांब व तुळया वाहतात. खांबांमधील आतली भिंत बहुधा केवळ भरणीची असते. खोली मोठी करावयाची तर अशी भिंत तपासून काढता येईल. खांब काढता येणार नाही.

‘न्हाणी’ (मूळ संस्कृत ‘स्नान’) ही बहुधा तळमजल्यावर, परसाच्या बाजूस असे. त्यास कारण होते. माडीची जमीन म्हणजे कडीपाटावरील मातीचा थर. त्यात पाणी मुरले की कड्यांची टोके कुजतात. माडीवर स्नानगृह हवेच असेल, तर ते परसाच्या बाजूस, खालच्या न्हाणीच्या वर, स्वतंत्र आधारावर घ्यावे आणि नळ दिसतील असे उघडे ठेवावेत. चुन्यामातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिल्यास आतली ओल कोंडते. तेथे चुनाच योग्य.

पेठांतील वाड्यांच्या भिंती शेजाऱ्यांस भिडलेल्या असल्याने उजेड व वारा प्रामुख्याने चौकातून येतो. चौकावर छप्पर घातल्याने एक दालन वाढते, पण भोवतालची सर्व दालने अंधारतात.

काही नावांचे प्रयोजन मात्र खरोखरच संपले आहे. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर ‘बाळंतिणीची खोली’ अडगळीची झाली. नाव वृद्धांच्या बोलण्यात तेवढे उरले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुरात पुण्यातील नदीकाठचे अनेक वाडे कोसळले. त्यांतील दालनांची नावे कोणी टिपून ठेवली नसतील, तर ती परत मिळणे कठीण.

म्हणून नूतनीकरणाचा नकाशा काढण्यापूर्वी घरातील वृद्ध व्यक्तीसह वाडा एकदा फिरावा आणि प्रत्येक जागेचे तिच्या तोंडचे नाव लिहून घ्यावे. ती यादी भाषाभ्यासकाच्या उपयोगाची आहेच. गवंड्याच्या उपयोगाची त्याहून अधिक आहे.