खिडकीतलं झाड

अम्मीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा खाटेसमोरच्या खिडकीत नुसती भिंत होती. "निंब दिसता तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

पुढे रॉजर अल्रिक यांचा अभ्यास वाचला. हे गृहस्थ डॉक्टर नव्हेत, भूगोलाचे अभ्यासक! अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी त्यांनी तपासल्या. पित्ताशयाच्याच शस्त्रक्रियेचे ४६ रुग्ण. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. १९८४ साली हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. रुग्ण मोजकेच, म्हणून मी त्याचा गंडा-ताईत करणार नाही. पण शरीर, मन आणि झाड यांचा हिशेब एकाच वहीत मांडायला भूगोलवाला यावा लागला!

अम्मीच्या रुग्णालयाची नवी इमारत होते आहे. आराखड्यात झाडं कुठे आहेत, हे विचारायला सोमवारी आम्ही चौघे जाणार आहोत.