रंगाचा डबा आणि शहराचा वकील

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाचा विषय निघतो. भिंतींना कोणता, खिडक्यांच्या गजांना कोणता, खर्च किती, यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण डब्यातल्या रंगात काय काय घातले आहे, हे विचारणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी निघतील? अमेरिकेत याच प्रश्नावर काही शहरांचे आणि जिल्ह्यांचे सरकारी वकील तब्बल १९ वर्षे कोर्टात भांडले, बरं का!

पूर्वी ऑइलपेंटमध्ये शिसे सर्रास घालीत. त्याने रंग लवकर वाळतो, टिकतोही. पण जुन्या रंगाचे पोपडे निघाले, त्याची धूळ झाली, की ती रांगत्या मुलाच्या हातावाटे तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. अभ्यासात लक्ष लागत नाही, बुद्धीची वाढ मागे पडते. ‘एवढे पोटात गेले तर चालेल’ असे त्याचे प्रमाणच नाही.

अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. पण आधीच रंगवलेल्या भिंतींचे काय? तो रंग कोणत्या कंपनीचा, हे एकटी आई कशी सिद्ध करणार? वकिलाची फी कुठून आणणार?

कॅलिफोर्निया राज्यात शहराच्या कायदा कार्यालयाला जनतेच्या वतीने दावा लावता येतो. सॅन फ्रान्सिस्कोत तर हा वकील मतदारच निवडून देतात. २००० साली सांता क्लारा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, रंग-कंपन्यांवर दावा लावला. पुढे सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅन दिएगो धरून एकूण दहा शहरे-काउंट्या त्यात उतरल्या. त्यांनी अमक्या मुलाला भरपाई द्या, असे म्हटले नाही. हा सार्वजनिक उपद्रव तुम्ही केलात, तो तुम्हीच निस्तरा, असे म्हटले. धोका ठाऊक असूनही हा रंग घरांसाठी खपवला, असा ठपका कोर्टाने तीन कंपन्यांवर ठेवला. अपिले झाली, रक्कम घटली. तरी २०१९ मध्ये त्यांना ३० कोटी ५० लाख डॉलर कबूल करावे लागले.

आता आपल्याकडे पाहू. घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तसे डब्यावर छापावे लागते. तेव्हा मैत्रिणींनो, डबा उघडण्याआधी तेवढे वाचा आणि पक्की पावती घ्या. दारे-खिडक्यांचा रंग जुना असेल, तर तो कोरडा घासू देऊ नका. ओला करूनच घासायला सांगा. त्या वेळी मुले आणि गर्भारशी घराबाहेर असाव्यात. नंतर झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आणि डब्यावर काही छापलेलेच नसेल तर? सर्वांच्या वतीने भांडण्याचे काम आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिले आहे. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. त्यासाठी दिल्लीला जायला नको; लेखी तक्रार आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. स्वतःचे नुकसान झाले असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कुठे जावे हे कळेना, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा.

मात्र अर्ज आपण केल्याशिवाय यांतले बरेचसे हलत नाही. एकटीने जायला संकोच वाटतो ना? मग शेजारच्या चौघींच्या सह्या घ्या, डबा आणि पावती जपून ठेवा, आणि अर्जाची पोच मागायला विसरू नका.