पाय जमिनीवर, गुडघा ताठ

मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने १८९१ मध्ये सुरू केला. लांबी २९ मैल, म्हणजे साधारण ४७ किलोमीटर. जयसिंगपूरची माणसं याच मार्गावरच्या पॅसेंजरला नावं ठेवत ये-जा करतात. योहान दिनीझ नावाच्या फ्रेंच माणसाने १२ मार्च २०११ रोजी फ्रान्समधल्या रँस शहरात या अख्ख्या मार्गाहून तीन किलोमीटर जास्त अंतर कापलं, तेही चालत. आणि कुठे पोचलाही नाही, कारण तो ४०० मीटरच्या ट्रॅकवर गोल गोल फिरत होता. १२५ फेऱ्या, ५०,००० मीटर, वेळ ३ तास ३५ मिनिटं २७.२ सेकंद. सरासरी काढली तर प्रत्येक फेरी सुमारे १०३ सेकंदांत. आपल्याकडे हौसेने सकाळी पळायला जाणाऱ्या बऱ्याच जणांना या वेगाने पळतानाही दोन-तीन फेऱ्यांत धाप लागेल.

चालण्याची शर्यत पहिल्यांदा पाहणारा माणूस हसतो. कंबर लचकते, कोपर मागे-पुढे सटासट जातात, चेहरा मात्र कमालीचा गंभीर. शाळेच्या मैदानावर पोरं या चालीची नक्कल करून एकमेकांना टाळ्या देतात. पण ती लचक ही या खेळाची किल्ली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

नियम दोनच आहेत. पहिला: एक तरी पाय सतत जमिनीला टेकलेला असला पाहिजे, निदान माणसाच्या डोळ्याला तरी तसं दिसलं पाहिजे. दुसरा: पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्या क्षणापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघ्यात सरळ असला पाहिजे. पहिला नियम चालणं आणि पळणं वेगळं करतो. दुसरा जास्त जाचक आहे. तो नसता तर गुडघे वाकवून, जमिनीलगत सरपटत कुणीही पुढे गेला असता.

आता साधं चालणं बघा. टेकलेला पाय काठीसारखा ताठ असतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीसारखं वर जाऊन पलीकडे उतरतं. शरीराला त्या कमानीवर धरून ठेवतं ते फक्त त्याचं वजन. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर वजन पुरत नाही, शरीर कमान सोडून सरळ पुढे निघतं आणि पाय जमिनीवरून सुटतो. ९० सेंटिमीटर लांबीच्या पायासाठी हिशोब केला तर ही मर्यादा ताशी १०.७ किलोमीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात तिथवर कुणी जात नाही, ताशी सातच्या पुढे माणूस आपोआप पळायला लागतो. पौर्णिमेला जयसिंगपुरातून नरसोबाच्या वाडीला पायी जाणाऱ्यांचा वेग असतो ताशी पाचच्या घरात. दिनीझचा वेग होता ताशी जवळजवळ १४ किलोमीटर आणि २०,००० मीटरचा विक्रम करणाऱ्या मेक्सिकोच्या बर्नार्दो सेगुराचा ताशी साडेपंधरा.

हे जमतं ते कमरेमुळे. पाय पुढे टाकताना त्या बाजूची कंबरही पुढे फिरते, त्यामुळे पायाची लांबी न वाढता पाऊल लांबतं. त्याच वेळी हवेतल्या पायाच्या बाजूची कंबर खाली उतरते आणि शरीराची कमान चपटी होते. डोक्यावर भरलेली घागर घेतलेली बाई कमरेखाली हलते पण घागर हिंदकळू देत नाही, तसं चांगल्या चालणाऱ्याचं डोकं एका पातळीत सरकत जातं. पावलं दोन समांतर रेषांवर न पडता जवळजवळ एकाच रेषेवर पडतात. हात कोपरात काटकोनात दुमडलेले, कारण आखूड हात लवकर झुलतो आणि पायांची गती हातांच्या गतीला बांधलेली असते. मिनिटाला दोनशेच्या वर पावलं पडतात, प्रत्येक पाऊल सव्वा मीटरच्या आसपास.

घरच्या घरी अनुभव घ्यायचा असेल तर जयसिंगपूरच्या आकडे घातलेल्या सरळसोट गल्ल्यांपैकी कुठलीही चालेल. टाच टेकवा, चवडा वर उचललेला ठेवा, गुडघा ताठ आणि सपाट्याने चालायला लागा. पोटऱ्या आधी दुखतील असं वाटतं, पण आग होते ती नडगीच्या पुढच्या बाजूला. टाच टेकल्यावर चवडा आपटू न देता हळू उतरवण्याचं काम तिथला स्नायू करतो आणि एरवी त्याच्याकडे कुणी एवढं काम मागत नाही. नवशिक्याची शर्यत बहुतेक वेळा इथेच संपते.

पायऱ्या समजल्या की पंचांकडे वळू, कारण या खेळात घड्याळाइतकाच पंचाचा डोळा निर्णायक असतो. ट्रॅकवरच्या शर्यतीला साधारणपणे मुख्य पंच धरून सहा पंच असतात, अंडाकृती मार्गाभोवती विखुरलेले. त्यांच्या हातात पिवळ्या गोल पाट्या. एका पाटीवर नागमोडी रेघ, म्हणजे तुझे दोन्ही पाय सुटताहेत. दुसरीवर दुमडलेल्या गुडघ्यासारखा कोन. पाटी दाखवली ती ताकीद. पंचाची खात्री पटली तर तो लाल कार्ड लिहून पाठवतो आणि त्या खेळाडूच्या क्रमांकासमोर फलकावर खूण उमटते. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाद. पंचांनी आपापसात चर्चा करायची नसते आणि एकच पंच एका खेळाडूला दुसरं कार्ड देऊ शकत नाही, म्हणजे एखाद्याचा आकस असला तरी तो एका कार्डाच्या पुढे जात नाही. अलीकडे मोठ्या स्पर्धांत तिसऱ्या कार्डानंतर लगेच बाद न करता खेळाडूला बाजूच्या चौकटीत थांबवतात, १० किलोमीटरच्या शर्यतीत एक मिनिट, २० च्या शर्यतीत दोन. चौथं कार्ड आलं की मात्र घरी. शेवटच्या शंभर मीटरमध्ये तर मुख्य पंच एकटाही बाद ठरवू शकतो.

नियमातले ‘डोळ्याला दिसलं पाहिजे’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तर जगातल्या उत्तम चालणाऱ्यांचेही दोन्ही पाय सेकंदाचे काही शतांश हवेत असतात. माणसाच्या नजरेला इतका छोटा क्षण टिपता येत नाही, म्हणून तो माफ. बुटात बसवायच्या संवेदकांचे प्रयोग झाले आहेत, पुढेही होतील. माझं मत विचाराल तर यंत्राने काटेकोरपणे निवाडा करायचा ठरवला तर पहिल्या दहांत कुणी उरणार नाही आणि मग विक्रमांची वही कोरी करून पुन्हा सुरुवात करावी लागेल. हा खेळ एका समजुतीवर चालतो आणि ती समजूत उघडपणे नियमात लिहून ठेवली आहे, हे मला तरी प्रामाणिक वाटतं.

या समजुतीची किंमत काय असते ते २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दिसलं. सेगुराने २० किलोमीटरची अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली. मेक्सिकोचे अध्यक्ष एर्नेस्तो सेदिलो फोनवर त्याचं अभिनंदन करत असताना पंच जवळ आला आणि त्याने तिसरं कार्ड कळवलं. सुवर्णपदक पोलंडच्या रॉबर्ट कोझेनियोव्स्कीला मिळालं. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आघाडीवर होती, स्टेडियमच्या तोंडाशी आली आणि घरच्या प्रेक्षकांपुढे तिला लाल पाटी दाखवली गेली.

रस्त्यावरच्या आणि ट्रॅकवरच्या चालीत फरक काय, हे इथे कळतं. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती एक ते दोन किलोमीटरच्या वळशावर होतात. दोन किलोमीटरचा वळसा असेल तर २० किलोमीटरमध्ये एका पंचासमोरून खेळाडू दहा वेळा जातो. ट्रॅकवर तो त्याच पंचासमोरून पन्नास वेळा जातो. दमल्यावर गुडघा किंचित जरी सैल झाला तरी पुढच्या फेरीत तोच पंच तिथेच उभा असतो. सोळा-सतरा हजार पावलं आणि त्यातल्या कुठल्याही पावलावर कार्ड. शिवाय सारी वळणं डावीकडची, म्हणजे कंबर फिरवण्याची क्रिया दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. झाडाची सावली नाही, बदलणारा देखावा नाही, फेऱ्या मोजणारी माणसं आणि टेबलावरचं पाणी एवढीच सोबत.

म्हणूनच लांब पल्ल्याच्या ट्रॅकवरच्या शर्यती फार कुणी भरवत नाही आणि ट्रॅकचे विक्रम वर्षानुवर्षं हलत नाहीत. सेगुराचा १ तास १७ मिनिटं २५.६ सेकंदांचा विक्रम ७ मे १९९४ रोजी नॉर्वेतल्या बर्गन इथे झाला आणि तीस वर्षांहून जास्त टिकला. रस्त्यावरचा २० किलोमीटरचा विक्रम दरम्यान कितीदा तरी मोडला गेला. २०१५ मध्ये जपानच्या युसुके सुझुकीने तो १ तास १६ मिनिटं ३६ सेकंदांवर आणला आणि २०२५ मध्ये त्याच देशाच्या तोशिकाझु यामानिशीने १ तास १६ मिनिटं १० सेकंदांवर. ट्रॅक अवघड आहे हे खरं, पण चांगल्या चालणाऱ्यांनी ट्रॅकवर २०,००० मीटर फारसं चालूनच पाहिलेलं नाही, हे जास्त खरं.

बर्गनचं नाव या विक्रमांत पुन्हा पुन्हा येतं. तिथल्या फाना स्टेडियमवर मेक्सिकोची मंडळी मे महिन्याच्या गार हवेत मुद्दाम विक्रमासाठी यायची. राउल गोन्सालेसने १९७९ मध्ये तिथे ५०,००० मीटर ३ तास ४१ मिनिटं ३८.४ सेकंदांत पार केले. एर्नेस्तो कांतोने १९८४ मध्ये तिथेच २०,००० मीटरचा विक्रम केला आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्णही जिंकलं. या साऱ्यांच्या मागे येझी हाउस्लेबर नावाचा पोलिश प्रशिक्षक होता. १९६८ च्या ऑलिंपिकचं यजमानपद मेक्सिकोकडे आलं तेव्हा त्याला तिथे बोलावलं गेलं. त्या ऑलिंपिकमध्ये होसे पेद्राझाने २० किलोमीटरमध्ये रौप्य मिळवलं आणि चालणं हा मेक्सिकोचा खेळ होऊन बसला. उंचावरचा सराव, कमरेच्या हालचालीवर घासून घेतलेली मेहनत आणि गटाने चालणं ही त्या शाळेची ओळख.

दिनीझ या शाळेचा नव्हे. रँसमध्ये त्याने आपल्याच देशाच्या थिएरी तूतेंचा १९९६ चा विक्रम साडेपाच मिनिटांनी मोडला. एरवी विक्रम सेकंदांनी मोडतात. त्याने २०१४ मध्ये झुरिकला रस्त्यावरचा ५० किलोमीटरचा विक्रमही ३ तास ३२ मिनिटं ३३ सेकंदांवर नेला. रिओ ऑलिंपिकमध्ये पोट बिघडून तो रस्त्यात कोसळला, उठला आणि शर्यत पुरी केली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ३९ व्या वर्षी जगज्जेता झाला. टोकियोनंतर ५० किलोमीटरची शर्यत ऑलिंपिकमधून गेली, त्यामुळे १२५ फेऱ्या मारायला पुन्हा कुणी ट्रॅकवर उतरेल असं मला वाटत नाही.

महिलांचा २०,००० मीटरचा विक्रम रशियाच्या ऑलिम्पियादा इव्हानोव्हाने ६ सप्टेंबर २००१ रोजी ब्रिस्बेनला केला, १ तास २६ मिनिटं ५२.३ सेकंद. हा आकडा मी थोडा हात राखून सांगतो. तिचं १९९७ चं जागतिक रौप्यपदक उत्तेजकामुळे काढून घेतलं गेलं होतं आणि रशियातल्या चालणाऱ्यांवर पुढे इतक्या बंद्या आल्या की त्या काळातल्या वेळांकडे बघताना नजर आपोआप बारीक होते.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः उत्तरेचा. हकम सिंग यांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत आणि चांद राम यांनी १९८२ च्या दिल्लीत २० किलोमीटरचं सुवर्ण आणलं. ट्रॅकवरचा ताजा ठसा बर्मिंगहॅमचा. ६ ऑगस्ट २०२२ रोजी महाराष्ट्रात सगळ्यांचं लक्ष बीडच्या अविनाश साबळेकडे होतं, स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. त्याच दिवशी राष्ट्रकुल स्पर्धेत प्रियांका गोस्वामीने १०,००० मीटर चालण्यात ४३ मिनिटं ३८.८३ सेकंदांसह रौप्य घेतलं, पंचवीस फेऱ्या, प्रत्येकी सुमारे १०५ सेकंद. दुसऱ्या दिवशी संदीप कुमारने ३८ मिनिटं ४९.२१ सेकंदांत कांस्य मिळवलं. त्याआधी वर्षभर, नैरोबीच्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत अमित खत्री याच अंतरात सात सेकंदांनी मागे राहून दुसरा आला होता.

आपल्या शालेय मैदानी स्पर्धांतही मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर चालण्याचा प्रकार असतो. फक्कीने आखलेल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर म्हणजे २५ आणि १५ फेऱ्या. धावण्यात मागे पडलेल्या पोराला ‘तू चालण्यात जा’ म्हणून तिथे ढकलण्याची आपली रीत आहे आणि त्यातच या प्रकाराचं नुकसान आहे. इथे लागते ती सैल कंबर, लांब दम आणि शिस्त, आणि हे गुण पहिल्या नंबराच्या धावपटूकडे असतीलच असं नाही.

अशी स्पर्धा बघायला गेलात तर अंतिम रेषेवर गर्दी करू नका. वळण संपून सरळ पट्टी सुरू होते तिथे, ट्रॅकपासून पाच-सहा पावलं लांब उभे राहा आणि चालणारी बरोबर समोरून जाईल तेव्हा फक्त तिच्या पुढच्या गुडघ्याकडे बघा. पुढच्या फेरीला फक्त मागचा चवडा बघा: तो सुटण्याआधी पुढची टाच टेकली का? दोन्ही एकदम बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. शेवटच्या फेरीत खांदे वर चढायला लागले की मागोमाग पाय सुटतो, हे पंचांनाही ठाऊक असतं. ते तिथेच डोळे लावून उभे असतात.