'ब्रेक अप' : एक क्रियापद, अनेक वियोग

इंग्रजी भाषेंत 'ब्रेक' या धातूला 'अप' हें इवलेंसें अव्यय जोडलें म्हणजे त्याचा संसार फारच विस्तारतो. सभा संपली, पोलिसांनीं जमाव पांगविला, शाळेला सुटी लागली, जुनें जहाज मोडींत काढलें किंवा प्रेमिकांची ताटातूट झाली, तरी इंग्रजाला दुसरें क्रियापद शोधावें लागत नाहीं.

मराठीची रीत निराळी. येथें सभा उठते, बाजार मोडतो, मैत्री तुटते, घर फुटतें आणि भाऊ वेगळे निघतात. 'घर फुटलें' म्हणणारा, तें कोणी तरी फोडलें, असा संशय सुचवितो. 'भाऊ वेगळे निघाले' म्हणणाऱ्याच्या मनांत रीतसर झालेल्या वांटण्या असतात. पतिपत्नींच्या वियोगालाही तीन शब्द आहेत. 'काडीमोडी'त काडी मोडण्याची रूढि आहे, 'सोडचिठ्ठी'त लेखी चिठ्ठी आहे आणि 'फारकती'त जुन्या दप्तरांतील 'फारखती', म्हणजे हक्क सोडल्याचा लेख, आहे.

शब्द निवडतांना बाजूही निवडावी लागते. आज परभणी जिल्ह्यांत असलेलें सोनपेठ १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मराठवाड्यांत होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें राज्य संपुष्टांत आलें. तेलंगण आंध्र प्रदेशांत, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यांत आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत गेला. इंग्रजींत या घटनेला 'ब्रेक अप' म्हणतां येईल. मराठींत मात्र हैदराबादच्या दृष्टीनें तें त्रिभाजन, तर सोनपेठच्या दृष्टीनें तें मराठी मुलखाशीं झालेलें मीलन होय. पुढें १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. त्याला जिल्ह्याचें विभाजन म्हणतात. 'परभणी फुटली' असें म्हटल्यास अर्थाचा अनर्थ होईल.

आतां 'ब्रेकअप' हा शब्द नाम होऊन मराठी घरांत शिरला आहे. इंग्रजींतील अनेक अर्थांपैकीं प्रेमभंगाचा अर्थ तेवढा त्यानें बरोबर आणला. 'त्यांचें ब्रेकअप झालें' या वाक्यांत कोणी कोणाला सोडलें याचा उच्चार करावा लागत नाहीं. तरुणांना तो सोयीचा वाटतो, यांत नवल नाहीं. या संकोचाला मराठींत जागा नव्हती, ती त्यानें भरून काढली. परंतु भागीदारी, कुटुंब किंवा प्रांत यांच्या वियोगाला तोच शब्द लावूं लागल्यास कोण निघालें, कोणत्या रीतीनें निघालें आणि मागें काय उरलें, हें सांगण्याची भाषेची शक्ति क्षीण होईल. भाषांतरकारानें 'ब्रेक अप' दिसतांच प्रथम हेच तीन प्रश्न विचारावेत. मराठी क्रियापद मग आपोआप सांपडतें.