मात्रा बदलल्यानंतरचे आठवडे

२०२० च्या टाळेबंदीत दिल्लीच्या सीमा अचानक खऱ्या झाल्या. एप्रिलमध्ये गाझियाबाद आणि नोएडाच्या प्रशासनाने, पाठोपाठ हरियाणाने रस्ते अडवले. १ जूनला दिल्लीनेही आठवडाभरासाठी आपल्या सीमा बंद केल्या. अखेर ४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही राज्यांना प्रवासाचे एक समान धोरण ठरवायला सांगितले. वैद्यकीय कारणासाठी सवलत होती हे खरे. पण अशी सवलत लिहिताना अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे रुग्णवाहिका असते. नैराश्यावरील गोळ्यांची पट्टी संपत आलेला, वरकरणी धडधाकट दिसणारा माणूस नसतो.

असे रुग्ण या सीमेवर पुष्कळ आहेत. शाहदऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या जागी १९९३ मध्ये उभी राहिलेली ‘इहबास’ ही दिल्ली सरकारची संस्था उत्तर प्रदेशाच्या हद्दीला जवळजवळ खेटून आहे आणि पलीकडून येणाऱ्यांचाही मोठा आधार आहे. अशा रुग्णाची गोळी आठ दिवस चुकली किंवा पुरवून पुरवून निम्मी घेतली गेली, तर काय होते?

या औषधांची मात्रा बदलल्याचा परिणाम एका दिवसात होत नाही आणि सर्व बाजूंनी सारखाही होत नाही. मात्रा वाढवली की पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थता, झोपेची मोडतोड असे त्रास आधी येतात. मन हलके होण्यास त्यापुढेही काही आठवडे जाऊ शकतात. शिवाय अनेकदा अंगातली शक्ती आधी परतते आणि मनावरचे मळभ मागाहून सरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल, कारण या औषधांचा शोधच मुळी उत्साहाच्या खुणेवरून लागला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देण्यात आले, तेव्हा क्षयाच्या बरे होण्याइतकीच त्यांच्या वागण्यातल्या तरतरीची चर्चा झाली. पुढे १९५७ च्या सुमारास तेच औषध नैराश्यावर वापरले गेले.

परंतु निराशा कायम असताना परतलेली शक्ती धोक्याचीही असू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुले आणि किशोरवयीनांसाठी आत्महत्येच्या विचारांविषयी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. उपचाराच्या आरंभी आणि मात्रा बदलताना रुग्णावर जवळून लक्ष ठेवा, हा त्यातला गाभा.

मात्रा कमी करताना चित्र उलटे होते. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, चिडचिड, कारण नसताना येणारे रडू हे त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतात; मूळ आजार परततो तो सहसा सावकाश. हा फरक कळला नाही तर कुटुंबीय ‘आजार परत आला’ असे ठरवून मोकळे होतात, किंवा ‘गोळीची सवय लागली’ म्हणून ती कायमची बंद करतात. औषधागणिक वेगही वेगळा असतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून आठवडे घेत निघून जाते, व्हेन्लाफॅक्सिनची मात्रा काही तासांत निम्म्यावर येते. त्यातच मेंदूतला परिणाम मात्रेच्या सरळ प्रमाणात नसतो. त्यामुळे २० मिलिग्रॅमवरून १० वर येणे अनेकांना सोपे जाते आणि १० वरून शून्यावर येणे जड जाते. बाजारातल्या ठरावीक गोळ्यांनी त्या शेवटच्या लहान पायऱ्या घडत नाहीत.

तरीही बंद करणे म्हणजे सुटका, असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमधील एका चाचणीत दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरे वाटणाऱ्यांपैकी, औषध हळूहळू थांबवलेल्या ५६ टक्के लोकांत वर्षभरात आजार उलटला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे चालू ठेवूनही अनेकांना त्रास झाला, आणि थांबवूनही बरेचजण ठीक राहिले. हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून, सवडीने घ्यायचा असतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी ती सवडच नसते.

आपला कायदा इथपर्यंत पोहोचलेला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सरकारी ठिकाणी मोफत आणि सर्वकाळ मिळण्याचा हक्क देतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविनाच आढळले होते, तेव्हा आधी गोळी पोहोचवण्याचा हा आग्रह योग्यच. पण आयुष्यभर फायली हाताळलेला माणूस म्हणून मला दिसते ते असे, की वाटलेल्या गोळ्या मोजता येतात, म्हणून मोजल्या जातात. मात्रा बदलल्यानंतर दहाव्या दिवशी रुग्णाची कुणी विचारपूस केली का, याला आपल्या तक्त्यांत रकानाच नाही. राजधानी क्षेत्रात तर मात्रा ठरवणारा डॉक्टर एका राज्यात आणि गोळी देणारे केंद्र दुसऱ्या राज्यात असू शकते.

त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक देशभर चालू आहे, पण तिथे फोन रुग्णाने करायचा असतो. मात्रा बदललेल्या रुग्णाने संमती दिली, तर उलट दिशेने दोन फोन त्याला जावेत: एक आठ-दहा दिवसांनी, दुसरा महिन्याने. चिठ्ठीवर जुनी मात्रा, नवी मात्रा आणि पुढच्या भेटीची तारीख हिंदीत लिहिलेली असावी. ती चिठ्ठी नोएडा, गुरुग्राम आणि दिलशाद गार्डन इथे सारखीच ग्राह्य धरायची, एवढा आदेश तिन्ही राज्यांच्या आरोग्य सचिवांना एका बैठकीत काढता येईल.