नवरा तुरुंगात, कर्ज कोणाच्या माथी?

नवरा अलिबागच्या हिराकोट किल्ल्यातील जिल्हा कारागृहात गेला म्हणून त्याच्या कर्जाचे व्याज थांबत नाही. वसुलीवाला मात्र त्याच्या बायकोच्या ओटीवर येऊन बसतो. आमच्या काशीदला ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने सुरू-पोफळी आडव्या केल्या, छपरे नेली. ज्यांनी उसनवारीवर घर, टपरी पुन्हा उभी केली, त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. म्हणून मी तो मांडतो आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कर्ज ज्याने काढले त्याचे. केवळ लग्नाच्या नात्याने बायको ऋणको होत नाही. तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही-अंगठा केला असेल, तरच ती बांधील ठरते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे नसल्यास, मूळ ऋणकोइतकीच असते. तेव्हा नवरा सुटेपर्यंत थांबण्याचे बंधन धनकोवर नाही. बचत गटातून तिच्या नावावर काढलेले कर्ज तर तिचेच. पैसा नवऱ्याने वापरला तरीही.

म्हणून बाईने आधी म्हणावे, ‘कागद दाखवा.’ आणि धाकापोटी नव्या कागदावर सही करू नये. काल जे देणे तिचे नव्हते, ते त्या सहीने तिचे होऊन बसते.

न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी सारे ओरबाडून नेता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसूचे कपडे, कारागिराची हत्यारे आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळते. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, असे कलम ५६ सांगते. तारण ठेवलेल्या वस्तूची गोष्ट मात्र निराळी. ती जाऊ शकते.

मुलांचे काय? बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, असे हिंदू कायदा मानीत आला. २००५ च्या दुरुस्तीने त्या आधारावर नव्या कर्जासाठी मुलाला न्यायालयात खेचण्याची वाट बंद केली.

मग प्रत्यक्षात बाई का वाकते? कारण कर्ज पिढीजात असते, हे या मातीने खोतीच्या काळापासून आमच्या मनावर गोंदले आहे. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले, ते याच कोकणासाठी. आजही कोणी म्हणाला, ‘नवरा सुटेपर्यंत माझ्या वाडीत राबून फेड,’ तर ती मेहरबानी नव्हे, वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती गुन्हा आहे आणि असे वेठीचे ऋण रद्दबातल आहे. विनापरवाना सावकाराने जमीन बळकावली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याकडे दाद मागता येते.

शासनालाही ही अडचण दिसली. २०२२ साली येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. राज्य सहकारी बँकेने कैद्याच्या तुरुंगातील मजुरीच्या भरवशावर ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले. कैद्याचे घर उपाशी असते, याची ही कबुलीच होती. पण दुखण्यावर नवे कर्ज हा अर्धाच उपाय.

पुरता उपाय माहितीत आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील माणसे यांना वकील फुकट मिळतो. आमच्या बायांनी सावकाराकडे जाण्याआधी अलिबागच्या विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. तेथे मागायची ती भीक नव्हे, हक्क आहे.